आरामशीनवर हिरवी लेझर लाइन : नऊ महिने वापरल्यावर

ब्लेड लाकडात कुठून घुसणार ते रेघेनं दाखवणारा लेझर दिवाळी झाल्यावर आरामशीनवर बसवला, आता पोळा तोंडावर आला आहे. मधे हिवाळा गेला, आमच्या ब्रह्मपुरी-नागभीड पट्ट्यातला मे गेला आणि अर्धा पावसाळाही झाला.

मशीन म्हणजे रुळावर ढकलायची आडवी बँड-सॉ, पट्ट्यासारख्या गोल फिरणाऱ्या ब्लेडची करवत. १३ एचपीचं पेट्रोल इंजिन, सव्वा इंच रुंद ब्लेड. माल बहुतेक धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा : साग, बाभूळ, कडुनिंब, कधी आंबा. (मशीनला चाकं आहेत म्हणून परवाना सुटत नाही. सागाला तोडीची परवानगी आणि वाहतुकीचा पासही लागतोच. नवीन घेणाऱ्यांनी आधी वन खात्यात जाऊन यावं, मग मशीनचा भाव विचारावा.)

आमची अडचण पहिल्या कापाची होती. ओंडका बुडाशी सोळा इंच, शेंड्याला बारा, त्यात मधे बाक. पहिली फाक किती जाडीची काढायची हे डोळ्यानं ठरायचं. जाड निघाली की एक चांगली फळी सरपणात गेली. पातळ निघाली की शेंड्याकडे साल तशीच, पुन्हा एक फेरी. आणि सगळ्यात महाग चूक म्हणजे ओंडका अडवायच्या लोखंडी खुंटीवर ब्लेड जाणं. तीन ब्लेडा अशा घालवल्यावर मी लेझरच्या मागे लागलो.

पहिल्यांदा लाल आणला, स्वस्त मिळाला म्हणून. शेडमधे सकाळी सातला झकास दिसला. दहा वाजता मदतनीस म्हणतो, "भाऊ, लाइन तर दिसूनच नाही राहिली." खोटं नव्हतं. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या रंगाला, सगळ्यात तिखट असतो. लाल लेझर साधारण ६५०चा, हिरवा ५३२ किंवा ५२०चा. तेवढ्याच ताकदीचा ५३२चा हिरवा लालपेक्षा आठेक पट उजळ दिसतो. हिरवा घेतला तेव्हा शेडमधलं काम दिवसभर निभलं. उघड्यावर भर दुपारी मात्र तोही दिसत नाही. ताडपत्रीची सावली करा नाहीतर ती जुळवाजुळव सकाळीच उरका.

बसवताना दोन चुका केल्या. लेझर मी कारागिराच्या बाजूला लावला, हाताशी राहील म्हणून. पण खुंट्या पलीकडच्या बाजूला! रेघ ओंडक्यावर छान पडायची आणि जिथे धोका तिथे अंधार. महिन्यानं उचलून खुंट्यांच्या बाजूला नेला. आता इंजिन बंद ठेवून हेड (ब्लेड आणि इंजिन असलेला सरकता भाग) एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलतो. रेघ प्रत्येक खुंटीच्या डोक्यावरून जाते की नाही, शेंड्याला साल राहते की लाकूड लागतं, सगळं न कापता कळतं. हेड दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वर, एक सूत खाली, पुन्हा चालवून बघ, असं दोन-तीनदा. दोन-चार मिनिटं जातात. दिवाळीपासून खुंटीवर एकही ब्लेड गेलेली नाही, आणि माझ्या मते लेझरचे सगळे पैसे इथेच वसूल झाले.

दुसरी चूक विजेची. इंजिनच्या स्टार्टर बॅटरीतून थेट तार ओढली. सेल्फ मारताना आणि चार्जिंग होताना व्होल्टेज वरखाली उडतं, ते लेझरच्या डायोडला सोसत नाही. पंधरा दिवसांत पहिला हिरवा गेला. मग मोबाइलची पॉवर बँक लावली, तर लेझर इतकी कमी वीज ओढतो की तिला वाटतं काही जोडलंच नाही, आणि ती स्वतःच बंद पडते. शेवटी १२ व्होल्टचं ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर, फ्यूज आणि दाबून धरायचं बटण बसवलं. बोट काढलं की लेझर बंद. त्यानंतर वीज हा विषय संपला.

जुळवणी अशी करतो. ओंडका एकदा सपाट कापायचा, फाक उचलून बाजूला ठेवायची, हेडची उंची अजिबात न बदलता मागे आणायचं. आता रेघ कापलेल्या सपाटीच्या कडेला घासून गेली पाहिजे, जवळच्या टोकाला आणि आठ फुटांवरच्या टोकालाही. लांबच्या टोकाला वर चढत असेल तर लेझरचं तोंड वर झालंय. ओंडक्याच्या तोंडावरच्या गोलात डावी-उजवी बाजू तिरकी दिसत असेल तर लेझर त्याला धरणाऱ्या नळीत फिरलाय. एकच टोक जुळवून खूश होऊ नका, मी झालो होतो. रेघ ब्लेडच्या खाली वाकवलेल्या दातांच्या पातळीला धरा, कारण उंचीच्या पट्टीवरचं माप तिथूनच असतं.

मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला तेव्हा हेडच्या लोखंडाला हात लावायची सोय नव्हती. लेझर ज्या गरम गोंदानं नळीत चिकटवला होता तो नरम पडला आणि रेघ तिरपी झाली. गोंद काढून बारीक स्क्रूनं आवळला, लॉकनट टाकले. इंजिनच्या हादऱ्यानं साधे नट आठवड्यात सैल होतात. उन्हात रेघ फिकीही पडायची. सलग चालू न ठेवता मिनिटभर वापरून सोडलं तर चालून जातं.

आता गैरसमज. एका गिऱ्हाइकाच्या वाळलेल्या बाभळीची फळी मधे दोन सूत लहरली. ते काका लेझरकडे बोट दाखवून म्हणाले, "हे यंत्र लावून बी वाकडंच का जी?" लेझर फक्त ब्लेड कुठून घुसणार ते सांगतो. आत गेल्यावर ती सरळ चालेल का, हे धार, दातांचं सेटिंग (दात आळीपाळीनं किती वाकवलेत ते) आणि ब्लेडचा ताण ठरवतात. ती ब्लेड बोथट होती, चूक माझी होती. तसंच धुऱ्याच्या झाडात गाडलेला तारेचा खिळाही लेझरला दिसत नाही. त्यासाठी वेगळं धातुशोधक लागतं.

डोळ्यांचं मात्र गंभीरपणे घ्या. ही रेघ आडवी पसरते आणि ओंडका फिरवायला वाकलेल्या माणसाचं तोंड नेमकं त्या उंचीला येतं. घासलेल्या ब्लेडवरूनही ती उलटते. माझ्या लेझरवर ताकद ५ मिलिवॅट लिहिलीय, पण छापील आकड्यावर माझा फारसा भरवसा नाही. बोट काढताच बंद होणारं बटण त्यासाठीच ठेवलंय. पोरं आवारात असली की लावतच नाही.

पावसाळ्यात काचेवर आतून वाफ धरते. नळीत बुटाच्या खोक्यातली सिलिकाची पुडी टाकली, आणि काचेवरचा भुसा कपड्यानं न पुसता सायकलच्या पंपानं उडवतो, ओरखडे पडत नाहीत.

आता तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांसाठी सुतारांची मागणी आहे, त्यात फळ्यांपेक्षा छोटे ठोकळेच जास्त. त्या कामात मी लेझर काढून ठेवतो. हाताएवढ्या तुकड्याला रेघ जुळवण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात चार ठोकळे पडतात.