बहिरमच्या यात्रेतली ॲव्हरेजची डबी

बहिरमच्या यात्रेत आम्ही जातो ते हंडीतलं मटण अन् रोडगे खायला. यंदा येताना 2,200 रुपयांची एक प्लास्टिकची डबीही घेऊन आलो. आगपेटीपेक्षा थोडी मोठी, आत हिरवे-लाल दिवे. स्टिअरिंगखाली मेकॅनिक लोक स्कॅनर लावतात त्या सॉकेटात ती खोचायची, म्हणजे गाडी कमी पेट्रोल पिते म्हणे.

माझी गाडी दहा वर्षांची, सेकंड हँड, पेट्रोलवर चालणारी. संत्र्याच्या बागेपासून तालुक्यापर्यंत रोजची ये-जा. ॲव्हरेज 15 वर आलं होतं आणि ते माझ्या डोक्यात बसलं होतं. विकणाऱ्या पोरानं नेमकं तेच पकडलं. "काका, आता पेट्रोलमंदी 20 टक्के इथेनॉल हाय. ॲव्हरेज पडनच. कम्प्युटरले शिकवा लागते." यातलं अर्धं खरं आहे, म्हणून तर गळी उतरलं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे थोडा फरक पडतोच. पण पोरानं पुढे 15 चे 22 करून दाखवले, तितका तो नाही, आणि डबी लावून भरून निघणारा तर नाहीच.

मग त्यानं गाडी चालवून दाखवली. ते सविस्तर सांगतो, कारण सगळी गोम तिथंच आहे.

आधी म्हणाला, हवा बरोबर नसली तर मशीन नीट दाखवत नाही. छोट्या कॉम्प्रेसरनं चारही चाकांत हवा भरून दिली, फुकट. मागच्या चाकांत 22 च होती. मग डबी खोचली, ट्रिप शून्यावर आणली, एसी बंद केला आणि स्वतः स्टिअरिंगवर बसला. चांदूर बाजारच्या बाजूनं निघालो. बहिरम सातपुड्याच्या पायथ्याशी, म्हणजे इकडे येताना रस्ता हळूहळू उतरतच येतो. पोरगा पटापट वरच्या गिअरमध्ये गेला, 45-50 च्या वर गेलाच नाही. पाच-सहा किलोमीटरवर पडद्यावर 22 दिसले. मी खूश! परतताना चढ होता, पण तोवर त्यानं बोलता बोलता पडद्यावर घड्याळ आणून ठेवलं होतं. हे मला महिनाभरानं आठवलं.

पैसे देताना यात्रेत रेंज नाही म्हणून रोखच मागितले. बिल नाही, नुसतं गॅरंटी कार्ड. वर सूचना : "पहिले 150 किलोमीटर मशीन शिकते. 60 च्या वर जाऊ नका, एसी लावू नका, झटका देऊ नका." मी इमानदारीनं पाळलं. हिशेब टाकी ते टाकी लावला : त्याच पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरायचं, चालवायचं, पुन्हा तसंच भरायचं. 455 किलोमीटर, 25 लिटर. 18.2!

आता लाज वाटते ते सांगतो. हा आकडा मी पारावर सांगितला आणि शेजारच्या दोघांना डबी घ्यायला लावली. त्यांना यात्रेत घेऊन गेलो तो मीच.

दुसऱ्या टाकीला मशीन शिकलं असं समजून मी आपल्या जुन्या चालीवर आलो. एसी, 80-90 चा वेग, ओव्हरटेकची घाई. पुन्हा 15. तिसऱ्या टाकीलाही तेच. कार्डावरचा नंबर बंद. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, तर त्यांनी बिल मागितलं आणि विकणाऱ्याचं नाव-पत्ता मागितला. दोन्ही नव्हतं.

घरी चिडचिड करत होतो तेव्हा आमची मंडळी म्हणाली, "पण त्यानं आधी हवा काऊन भरली होती?" बाप्पा! मी इतका वेळ डबीकडेच पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवर डबी फोडली. आत दिवे आणि ते लुकलुकवणारी एक चिप. सॉकेटला 16 पिना असतात. त्यातल्या 16 नंबरवर बॅटरीचा करंट, 4 आणि 5 नंबरवर अर्थ. डबीच्या वायरी तेवढ्यावरच होत्या. कम्प्युटरशी बोलायच्या पिनांना काहीच जोडलेलं नव्हतं, मग ती शिकवणार कोणाला? पेट्रोलच्या पाइपला लावायचे चुंबक विकतात, तेही याच जातीचे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं असली शंभरावर उपकरणं तपासली, बहुतेकांचा काही उपयोग दिसला नाही.

त्याच मेकॅनिकनं गाडी थोडी फिरवून आणून पुढच्या डाव्या चाकावर पाणी शिंपडलं. चर्रर्र झालं. कॅलिपर जाम, म्हणजे ब्रेक सतत घासत होता. साफसफाईचे 350 रुपये. डिकीतून फवारणीचा पंप आणि औषधाच्या दोन कॅन काढल्या. हवा आता पंधरा दिवसांनी, गाडी थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे पाहतो. चिखलदऱ्याहून उतरताना मी न्यूट्रल करायचो, तेही सोडलं. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला तर इंजेक्शनची गाडी पेट्रोल तोडते, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायलाच पेट्रोल जातं. शिवाय घाटात ब्रेकवर सगळा भार, तो धोका वेगळाच. डबीशिवाय मागच्या टाकीला 18.6 मिळाले, अधूनमधून एसी लावून.

दोन शेजाऱ्यांपैकी एकाचे पैसे मी संत्र्याच्या हिशेबात वळते करून दिले. दुसरे दादा डबी काढू देत नाहीत. त्यांचं ॲव्हरेज वाढलंय, अजून टिकूनही आहे. मी फोडलेली डबी नेऊन दाखवली, पिना समजावल्या. ते म्हणाले, "तुमची बिघडेल असन." दादा आजही 60 च्या वर जात नाहीत, एसी लावत नाहीत. कार्डावर तसं लिहिलंय ना.