मीटरवर २०, टाकीच्या हिशोबाने १८.७: ट्युनिंग बॉक्सच्या नावाखाली होणारी फसवणूक

गाडी कॉमन रेल टर्बो डिझेल, कंपनीतून आली तशीच. ट्युनिंग बॉक्स, म्हणजे पिकअप आणि ॲव्हरेज वाढवते म्हणून विकली जाणारी पेटी, तिचा सौदा १८ हजारांत ठरला. ‘वायर कापायची नाही भाऊ, कपलर टू कपलर बसते. पिकअप अन् ॲव्हरेज दोन्ही वाढतात, नाही वाढले तर पैसे वापस.’ अर्ध्या तासात पेटी बसली. वर्धा रोडवर एक चक्कर झाली आणि विक्रेत्याने मीटरवर बोट ठेवलं: आधी लिटरला १८.७ किलोमीटर होतं, आता २०. गाडीचाच मीटर सांगतोय म्हटल्यावर मालकाने फोनवरून पैसे पाठवून दिले. बिल नाही.

दोन महिन्यांनी समृद्धीवर चार माणसं, एसी चालू, ओव्हरटेकला पाय दाबला आणि चेक इंजिनचा दिवा लागला. गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे इंजिनने स्वतःला वाचवायला ताकद कमी केली. कोड पी००८७, म्हणजे रेल प्रेशर (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब) कमी. गॅरेजवाल्याने डिझेल फिल्टर बदलला, कोड परत आला, मग हाय प्रेशर पंपाचा अंदाज दिला. शेवटी पेटी उघडली. काळ्या रेझिनखाली एक रिले, एक एलईडी आणि दोन रेझिस्टर. रेझिस्टरची किंमत प्रत्येकी रुपया-दोन रुपये.

यातला खरा डाव मीटरचा आहे. अशी पेटी रेल प्रेशर सेन्सर आणि ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) यांच्या मधे बसते आणि सेन्सरचा व्होल्टेज खाली ओढते. समजा सेन्सर ० ते १८०० बारसाठी ०.५ ते ४.५ व्होल्ट देतो. ईसीयूला १४०० बार हवे आहेत, म्हणजे ३.६१ व्होल्ट. पेटी ११ टक्के कापते, म्हणून तेवढा व्होल्टेज दिसेपर्यंत ईसीयू पंपाला दाब वाढवायला लावतो आणि रेलमध्ये प्रत्यक्षात १६०० बार होतात. इंजेक्टर तेवढाच वेळ उघडतो, पण दाब वाढल्याने डिझेल सुमारे ७ टक्के जास्त जातं. मीटरमधलं ॲव्हरेज ईसीयू त्याच खोट्या दाबावरून मोजतो. तेवढ्याच वेगासाठी तुमचा पाय थोडा वर येतो, ईसीयूच्या वहीत डिझेल कमी लिहिलं जातं आणि टाकीतून पूर्वीइतकंच जातं. १८.७ चे २० होतात ते असे, फक्त काचेवर.

कोड उलटा का आला तेही यातच आहे. दाब खरोखर जास्त झाला की रेलचा प्रेशर लिमिटर व्हॉल्व्ह डिझेल सोडून देतो, किंवा पंपाचा दम संपतो. ईसीयूला कापलेला आकडा दिसतो, म्हणून तो ‘कमी’ म्हणतो. पंप बदलण्याआधी बॉक्स काढून मूळ कपलर जोडा, कोड खोडा आणि गाडी फिरवा.

रेझिस्टर आणि खरा पिगीबॅक (सेन्सरच्या सिग्नलवर बसणारी खरी ट्युनिंग पेटी) यांत फरक मॅपचा, म्हणजे कधी किती कापायचं त्या तक्त्याचा. खऱ्या पेटीत मायक्रोकंट्रोलर असतो. लोड पाहून ती किती कापायचं ते ठरवते आणि आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) हात लावत नाही. रेझिस्टरला आयडल, थंड स्टार्ट, पूर्ण लोड सगळं सारखंच. उलट शून्य दाबालाही सेन्सर ०.५ व्होल्ट देतो, त्यामुळे कमी दाबाला रेझिस्टरची चूक टक्केवारीत जास्त पडते, म्हणून आयडलला इंजिन टकटक वाजायला लागतं. मल्टिमीटरने पाच मिनिटांत कळतं: पेटीच्या सेन्सरकडच्या आणि ईसीयूकडच्या सिग्नल वायरवर व्होल्टेज मोजा, एकदा इंजिन बंद ठेवून चावी ऑन करून, एकदा आयडलला, एकदा न्यूट्रलमध्ये २५०० आरपीएमला. तिन्ही वेळा गुणोत्तर तेच, ०.८९ च्या आसपास, तर आत रेझिस्टर आहे. चावी ऑन असताना ०.५ च्या जागी ईसीयूला ०.४४–०.४५ पोचत असेल तर आणखी तपासायची गरज नाही.

टर्बो पेट्रोलवर हीच स्वस्ताई जास्त महाग पडते. तिथे मॅप सेन्सरचा (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा; वरच्या मॅपशी संबंध नाही) सिग्नल कापतात. ईसीयूला हवा कमी दिसते, तो बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवतो आणि पेट्रोल मात्र कमी हवेच्या हिशोबाने देतो. फ्युएल ट्रिम (ईसीयूने इंधनात केलेली दुरुस्ती) प्लसमध्ये चढत जातात, पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचा कोड येतो, आणि पूर्ण थ्रॉटलला मिश्रण पातळ राहिलं तर नॉक, म्हणजे इंजिनला मारक अवेळी स्फोट. नागपुरात मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात. इंटरकूलरनंतरची हवा त्याहून गरम. ज्या इंजिनात थ्रॉटलच्या आधी आणि नंतर असे दोन प्रेशर सेन्सर आहेत तिथे एकालाच फसवलं की ईसीयू दोघांची तुलना करून पी०१०६ (मॅप सेन्सरचा आकडा जुळत नाही) टाकतो. विक्रेत्याला ‘कोणकोणते सेन्सर पकडता?’ एवढं विचारा. उत्तरात ‘सगळे’ आलं तर उठा.

ओबीडी सॉकेटमध्ये (स्कॅनर लावायची जागा) खोचायचा हजार-दीड हजाराचा प्लग त्या मानाने गरीब. १६ नंबर पिनवरून बॅटरीचा करंट घेतो, दिवे लुकलुकवतो. कॅनच्या (गाडीतल्या कॉम्प्युटरांच्या आपसातल्या संवादाची लाइन) ६ आणि १४ नंबर पिनांशी बोलणारी चिपच बऱ्याच प्लगांत नसते. ‘२०० किलोमीटरमध्ये गाडी शिकते’ हे वाक्य परतीची मुदत संपवण्यासाठी. ॲक्सिलरेटरच्या पेडलला जोडायच्या पेडल बॉक्सचंही तसंच: अर्ध्या पेडलला पाऊण थ्रॉटल मिळतो, पिकअप वाटतो, पेडल जमिनीला टेकवल्यावर गाडी आधीइतकीच पळते.

टेस्ट राइडची हातचलाखी ओळखा. ‘आधीची’ फेरी दुपारी एसी लावून, ‘नंतरची’ संध्याकाळी एसी बंद करून. त्यांच्या फोनवरचा बूस्टचा आलेख तर पाहूच नका. पेटीने कापलेलाच आकडा स्कॅनर वाचतो. बूस्ट मोजायचा तर होजमध्ये टी टाकून वेगळा गेज लावावा लागतो. ॲव्हरेजसाठी त्याच पंपावर ऑटो कटपर्यंत टाकी भरा, ३०० किलोमीटर चालवा, तिथेच परत भरा. मीटर २० म्हणत असताना १५ ऐवजी १६ लिटर बसले, तर हिशोब झाला. ताकदीसाठी एकाच डायनोवर (ताकद मोजायचं मशीन) एकाच दिवशी पेटीशिवाय आणि पेटीसह रन; विक्रेत्याने दाखवलेला छापील कागद कोणाच्या गाडीचा, देव जाणे.

विक्रेता एक गोष्ट कधीच सांगत नाही: कायद्यात न बसणारा बदल केला तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८२अ(४) मालकाला लागतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. वॉरंटी आणि विम्याचा दावा अडतो ते वेगळंच.

पैसे गेले असतील तर पेटी फेकू नका. काढण्याआधी बसलेल्या अवस्थेत फोटो, मल्टिमीटरच्या आकड्यांचा व्हिडिओ, यूपीआयची नोंद, ‘पैसे वापस’वाले मेसेज. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. आयोगात जायचं असेल तर रेझिन स्वतः फोडू नका, पेटी बंद अवस्थेतच जपून ठेवा.