इंजिन घुमतंय, पण टॉवर गप्प : सिम्युलेटरच्या रेडिओचा आठ महिन्यांचा अनुभव

आठ महिने झाले, मी घरच्या कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटर नियमित चालवते आहे. आठवड्याला तीन-चार उड्डाणं, बहुतेक सेसना १७२ या छोट्या विमानावर. दृश्यं, हवामान, विमानाची वागणूक याबद्दल माझं समाधान आहे आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला रेडिओबद्दल लिहायचंय. या आठ महिन्यांतले जवळजवळ तीन महिने माझ्या रेडिओवर माणसाचा आवाजच येत नव्हता, आणि त्यातला बराचसा वेळ मी भलत्याच ठिकाणी शोधत होते.

लक्षण असं होतं : इंजिन घुमतंय, पंखांचे फ्लॅप खाली जाताना मोटरचा आवाज येतोय, पाऊस काचेवर वाजतोय. टॉवरला, म्हणजे विमानतळाच्या नियंत्रण कक्षाला, टॅक्सीची, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत नेण्याची, परवानगी मागितली की उत्तर पडद्यावर मजकूर म्हणून उमटतं, कानात मात्र काही नाही. बाकी सगळं इतकं खणखणीत ऐकू येतंय म्हणजे ऑडिओ ठीकच असणार, असं मी धरून चालले. मग सिम्युलेटर काढून पुन्हा टाकला, साउंड कार्डचा ड्रायव्हर बदलला, दोन शनिवार-रविवार त्यात गेले. फरक शून्य.

चूक त्या गृहीतकात होती. इंजिनाचा आवाज म्हणजे आधी ध्वनिमुद्रित केलेल्या फाइली, त्या सिम (म्हणजे सिम्युलेटर) स्वतः वाजवतो. कंट्रोलरचं, म्हणजे टॉवरमधून उत्तर देणाऱ्याचं, बोलणं बहुतेक सिममध्ये त्या क्षणी मजकुरावरून तयार होतं. ते काम कधी ऑपरेटिंग सिस्टीममधला आवाज करतो, कधी इंटरनेटवरची सेवा. ऑनलाइन उडताना खरी माणसं बोलतात, त्यांचा आवाज तर बहुतेक वेळा वेगळ्याच प्रोग्रॅममधून येतो. या तीन वाटांना व्हॉल्यूम वेगळा आणि पुष्कळदा आउटपुटचं उपकरणही वेगळं. त्यामुळे इंजिन ऐकू येतंय यावरून रेडिओबद्दल काहीच सिद्ध होत नाही. हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे.

आता आवाज गेला की मी आधी एकच पाहते : मजकूर उमटतोय का? उमटत असेल तर रेडिओने संदेश घेतलेला आहे, दोष पुढे आवाजाच्या वाटेवर आहे. मजकूरही नसेल तर कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, कॉकपिटमध्ये बघायचं.

कॉकपिटमधली कारणं साधी असतात, पण नवख्याला दिसत नाहीत. एव्हिऑनिक्सचा, म्हणजे रेडिओ आणि इतर इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा, स्विच बंद राहिलेला असतो. १७२ मध्ये त्याचे बस १ आणि बस २ असे विजेचे दोन भाग आहेत आणि एकच चालू केला की अर्धीच उपकरणं जागी होतात. फ्रिक्वेन्सी स्टँडबाय (राखीव) खिडकीत फिरवलेली असते, पण अदलाबदलीचं बटण दाबून ॲक्टिव्हमध्ये आणलेली नसते. ऑडिओ पॅनेलवर कॉम २ हा दुसरा रेडिओ निवडलेला आणि टॉवर कॉम १ वर, हे माझ्या बाबतीत चारदा तरी झालं. रेडिओचा व्हॉल्यूम कॉकपिटमधल्या गोल बटणाने शून्यावर गेलेला असू शकतो, माउसचं चाक चुकून फिरलं तरी पुरतं. अशा वेळी स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबून ठेवणारी सोय, उघडून बघावा. सतत खरखर आली की रेडिओला वीज आहे आणि आवाज कानापर्यंत पोचतोय हे कळतं. सगळ्या सिममध्ये ही सोय नीट उतरवलेली नाही. माझ्यात आहे, आणि तिचा मला फार उपयोग झाला.

दोनदा तर बिघाड नव्हताच. विमानाचा रेडिओ व्हीएचएफ, म्हणजे ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो आणि या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. फुटांतल्या उंचीचं वर्गमूळ काढून त्याला १.२३ ने गुणलं की नॉटिकल मैलांत अंदाजे पल्ला मिळतो : १,००० फुटांवर ३९ मैल, १०,००० फुटांवर १२३. मी धावपट्टीवर उभी राहून शेजारच्या मोठ्या विमानतळाचं एटीआयएस, म्हणजे हवामान आणि धावपट्टीची सतत वाजणारी माहिती, ऐकायला बघत होते. ते तिथून ऐकू येणारच नव्हतं. सिमने इतकं बारकाईने काम केलंय याचं नंतर कौतुक वाटलं.

आता माझा खरा बिघाड. मजकूर उमटत होता, म्हणजे दोष विंडोजच्या बाजूला. विंडोज आवाजासाठी दोन उपकरणं लक्षात ठेवते : एक नेहमीचं डिफॉल्ट आणि एक संभाषणासाठीचं. मी ब्लूटूथ हेडसेट वापरत होते आणि विंडोज १० मध्ये तो यादीत दोन नावांनी दिसतो, एकदा स्टिरिओ हेडफोन म्हणून आणि एकदा हँड्स-फ्री म्हणून. इंजिन स्टिरिओवर वाजत होतं. रेडिओचं बोलणं सिमने संभाषणाच्या उपकरणाकडे, म्हणजे हँड्स-फ्रीकडे पाठवलेलं, आणि त्या क्षणी हेडसेट त्या रूपात नव्हताच. आवाज तयार होत होता आणि कुणी घेत नव्हतं. सिमच्या सेटिंगमध्ये रेडिओचं आउटपुट हाताने निवडलं आणि तीन महिन्यांनी पहिल्यांदा टॉवरचं वाक्य कानात पडलं. मी इंजिन बंद करून नुसतं ऐकत बसले.

पण तेही पूर्ण समाधान नव्हतं. मायक्रोफोन चालू होताच ब्लूटूथ हेडसेट हँड्स-फ्री रूपात जातो, आवाज एका चॅनेलचा आणि अरुंद होतो, इंजिनही डब्यातून आल्यासारखं वाटतं. शिवाय विंडोजच्या जुन्या साउंड खिडकीत ‘कम्युनिकेशन्स’ नावाचा टॅब आहे. संभाषण सुरू झालं की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचे, हे तिथे आधीपासून निवडलेलं असतं. ऑनलाइन बोलताना इंजिन अचानक विझल्यासारखं होतं त्याचं कारण हेच. तिथे ‘काही करू नये’ हा पर्याय निवडला आणि वायरचा यूएसबी हेडसेट घेतला. गेले पाच महिने तोच आहे. ब्लूटूथ संगीताला उत्तम, रेडिओवर बोलायला मी तरी कुणाला सुचवणार नाही. यूएसबीचंही एक पथ्य आहे : सिम सुरू करण्याआधी जोडायचा आणि नेहमी त्याच पोर्टमध्ये. पोर्ट बदललं की विंडोज त्याला नवं उपकरण समजू शकते आणि केलेली निवड हरवते.

ऑनलाइन उड्डाणांसाठी मी २००१ पासून चालणाऱ्या व्हॅटसिम या सिमवाल्या हौशी मंडळींच्या नेटवर्कवर जाते. तिथे एकदा मला कंट्रोलर ऐकू येत होता, पण माझं बोलणं जात नव्हतं. मी सिम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवला होता आणि आवाजाचा प्रोग्रॅम साधा. त्यामुळे सिमची खिडकी पुढे असताना बोलायचं बटण त्या प्रोग्रॅमपर्यंत पोचतच नव्हतं. दोन्ही एकाच अधिकाराने चालवले आणि काम झालं. बिनसलंच तर तिथे मजकुरानेही बोलता येतं आणि ट्रान्सपाँडरवर, म्हणजे रडारला विमानाचा कोड कळवणाऱ्या उपकरणावर, ७६०० लावता येतो. खऱ्या विमानातही रेडिओ गेल्याचा हाच कोड आहे.

एक आवाज बिघाड समजू नये : दोघे एकाच वेळी बोलले की येणारी शिट्टी. विमानांचा रेडिओ एएम पद्धतीचा असल्याने दोन लहरी एकमेकींवर आदळून ती उमटते. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जम्बो जेट धडकली तेव्हा कंट्रोलरचं ‘थांबा’ आणि दुसऱ्या विमानाचं ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ ही दोन वाक्यं एकाच वेळी गेली होती. एका कॉकपिटमध्ये ती जवळजवळ नुसती शिट्टी म्हणून पोचली. ५८३ माणसं गेली. हे वाचल्यापासून मी रेडिओशिवाय उडत नाही, सिममध्येसुद्धा.

आता दर उड्डाणाआधी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, बॅटरी आणि एव्हिऑनिक्स लावून एटीआयएस ऐकते. ते सतत फिरून वाजत असतं, त्यामुळे चाचणीला त्याहून सोयीचं काही नाही. वारा, दाब आणि धावपट्टी स्पष्ट ऐकू आली की मगच पुढे.

एक अडचण शिल्लक आहे. इंटरनेटवरचे आवाज माणसासारखे गोड आहेत, पण जोडणी मंद झाली की वाक्य मध्येच तुटतं आणि नेमका धावपट्टीचा आकडा गळतो. म्हणून दोन आठवड्यांपासून ऑफलाइन आवाज ठेवला आहे. तो सपाट आहे, दोन शब्दांमध्ये अडखळतो. आकडा मात्र दर वेळी पूर्ण ऐकू येतो.