डिसेक्शन हॉल की रूमवर व्हिडिओ?
भाचा यंदा एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. म्हणतो, मामा, डिसेक्शनला (मृतदेह कापून शरीररचना शिकताना) एका टेबलाभोवती एवढी पोरं, मागून काही दिसत नाही, मग व्हिडिओच बघू का?

नुसतं दिसण्याचं म्हणशील तर व्हिडिओ सरळ जिंकतो. काखेतला ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नर्व्हचं (मज्जातंतूंचं) जाळं घे, मस्क्युलोक्युटेनियस, मीडियन आणि अल्नार नर्व्हचा जो इंग्रजी एम बनतो तो क्लोजअपमध्ये एकदम क्लिअर, हॉलमध्ये चरबी आणि फॅशिया (स्नायूंवरचं पातळ आवरण) साफ करण्यातच तास जातो, बॉडी टिकवायच्या फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरतात ते वेगळंच. पण साफ करतानाच बोटांना कळतं ना, की नर्व्ह दोरीसारखी भरीव लागते, आर्टरी जाड भिंतीची आणि व्हेन चपटी. व्हिडिओत ते काम आधीच दुसऱ्या कुणीतरी केलेलं असतं. आणि स्पॉटिंगला (प्रॅक्टिकल परीक्षेत बॉडीतला भाग ओळखायला) व्हिडिओतली बॉडी येत नाही रे, एखाद्यात तो एम नीट बनलेलाच नसतो!

खर्चाचं सोड, बरेच व्हिडिओ फुकट आहेत आणि हॉलचे पैसे फीमध्ये गेलेच. रिव्हिजनला मात्र व्हिडिओच, रात्री अकराला बॉडी कोण दाखवणार?

एम्ब्रियोलॉजीत (गर्भाच्या वाढीच्या अभ्यासात) तर तुलनाच नाही. गर्भात आतडं 270 अंश फिरतं हे टेबलावर दिसणारच नाही, तिथे ॲनिमेशनच लागतं.

तेव्हा एम्ब्रियो, न्यूरोचे ट्रॅक्ट (मेंदू आणि मज्जारज्जूतले तंतूंचे मार्ग) आणि उजळणी व्हिडिओवर कर, हातपाय आणि पोट हॉलमध्येच. मागेच उभा राहत असशील तर आदल्या रात्री व्हिडिओ बघून जा आणि सकाळी फोर्सेप्स (चिमटा) मागून घे, लाजू नको.