पाच दुचाकींचा विमा, आणि टोइंगचं ते कलम

आमच्या घरात पाच दुचाकी आहेत. सासऱ्यांची, म्हणजे आप्पांची स्प्लेंडर, नवऱ्याची एनटॉर्क, आणि माझ्या नावावर तीन: क्लासिक 350, हिमालयन 411 आणि बाबांच्या माघारी माझ्याकडे आलेली आरएक्स 100. यंदा सगळ्यांचे विमे एकदमच बघू म्हणून एजंटला बोलावलं, तर त्याने पाचही गाड्यांना एकाच मापाचं कोटेशन आणलं. सगळीकडे फुल इन्शुरन्स (दुसऱ्याच्या आणि आपल्याही नुकसानीचा), सगळीकडे रोडसाइड असिस्टन्स (रस्त्यात गाडी अडली तर मदत), सगळीकडे मालक-चालक अपघात कव्हर. ते मी घेतलं नाही. त्याऐवजी काय घेतलं आणि का, ते सांगते.

आधी थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरणारा भाग. यात घासाघीस करून उपयोग नाही, कारण हा दर सरकार ठरवतं आणि तो सगळ्या कंपन्यांना सारखाच असतो. 1 जून 2022 पासूनच्या तक्त्यात 75 ते 150 सीसीला 714 रुपये, 150 ते 350 ला 1366 आणि 350 च्या वर थेट 2804. शिवाय 18 टक्के जीएसटी. माझी क्लासिक 346 सीसीची आणि हिमालयन 411 ची. दोघींत फरक पासष्ट सीसीचा, पण थर्ड पार्टी दुपटीहून जास्त. दुसरी मोठी गाडी घ्यायचा विचार असेल तर हा आकडा आधी बघा. कंपन्यांमधला खरा फरक दिसतो तो ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागात आणि क्लेमच्या वेळी.

एजंटने मालक-चालक कव्हर माझ्या तिन्ही गाड्यांवर लावलं होतं. 15 लाखांचं हे कव्हर माणसाला असतं, गाडीला नाही. एकाच्या नावावर कितीही गाड्या असल्या तरी एकदा घेतलं की पुरतं. बाकीच्या पॉलिसी काढताना ते आधीच आहे असं लिहून द्यायचं. एजंटला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. पण हे कव्हर आरसीवरच्या मालकासाठी आहे. नवरा माझी क्लासिक घेऊन रत्नागिरीला गेला तर तो या कव्हरमध्ये बसत नाही. म्हणून त्याच्यासाठी वेगळी अपघात पॉलिसी घेतली. ज्या घरात एकमेकांच्या गाड्या फिरतात तिथे हे करावंच.

फ्लोटरबद्दलही विचारलं. एकाच मालकाच्या अनेक गाड्या एका ओन डॅमेज कव्हरमध्ये घ्यायला विमा नियामक आयआरडीएआयने जुलै 2022 मध्ये परवानगी दिली आहे. ऐकायला छान वाटतं, पण अट एकाच मालकाची. आपल्याकडे गाड्या घरातल्या वेगवेगळ्या माणसांच्या नावावर विखुरलेल्या असतात, त्यामुळे पाचांतल्या दोन तर तिथेच गळल्या. उरलेल्या तिघींत आरएक्स इतकी जुनी की तिचं गणितच वेगळं. शिवाय एका गाडीचा क्लेम झाला तर बाकीच्यांचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) राहतो की जातो, याचं उत्तर मला कोणी लेखी दिलं नाही. माझा क्लासिकवरचा बोनस 50 टक्क्यांवर पोहोचलाय. तोंडी भरवशावर तो मी पणाला लावणार नाही.

मग एकेक गाडी घेतली. एनटॉर्क नवी, तिचं पाच वर्षांचं थर्ड पार्टी घेतानाच भरलेलं आहे. तिला दरवर्षी फक्त ओन डॅमेज लागतं, आणि ते त्याच कंपनीकडून घ्यायची सक्ती नाही. तिला झिरो डेप (घसारा न कापता पार्टचे पैसे देणारं कव्हर) घेतलं, कारण तिचं बहुतेक अंग प्लास्टिकचं आणि साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या पार्टला निम्मेच पैसे मिळतात. एक पॅनल आणि एक हेडलाइट बदलला तरी फरक कळतो.

स्प्लेंडरला नुसतं थर्ड पार्टी पुरे, असं सगळे म्हणत होते. मी मुद्दाम फुल घेतलं. आप्पांच्या मागे आई, म्हणजे माझ्या सासूबाई बसतात, बाजार, देऊळ, दवाखाना, रोजच. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसलेला माणूस त्रयस्थ धरला जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये म्हटलेलं आहे. फुल पॅकेजमध्ये मात्र तो धरला जातो. काही शे रुपयांसाठी आईंना उघड्यावर ठेवायचं नाही.

आरएक्सची गोष्ट वेगळी. तिला अपघातापेक्षा चोरीची भीती जास्त. बाजारात तिला लाखाच्या वर विचारणा होते, आणि ऑनलाइन फॉर्म तिची आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) दाखवायलाच तयार नाही. एका सरकारी कंपनीच्या शाखेत आरसी आणि फोटो घेऊन जाऊन बसले, तेव्हा थर्ड पार्टीला जोडून आग आणि चोरीचं कव्हर मिळालं. रक्कम बोलून ठरवली. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही दोघांच्या संमतीनेच ठरते, तेव्हा बोलायला लाजू नका.

आता रोडसाइड असिस्टन्स. हे मी पाचांपैकी फक्त हिमालयन आणि क्लासिकला घेतलं. स्प्लेंडर कुठल्याही गावात कुठलाही मेकॅनिक उघडून बसतो, तिला याची गरज नाही.

गेल्या पावसाळ्यात आंबा घाटाच्या वर हिमालयनच्या मागच्या चाकात खिळा गेला. तेव्हा दुसऱ्या एका कंपनीचं रोडसाइडचं ॲड-ऑन (पॉलिसीला जोडलेलं जास्तीचं कव्हर) होतं. रेंजसाठी आंबा गावापर्यंत चालत आले, फोन लावला. पंक्चर सेवा आहे, पण फक्त ट्यूबलेसला, असं उत्तर आलं. हिमालयनला स्पोकची चाकं आणि आत ट्यूब. मग टोइंग पाठवतो म्हणाले. बऱ्याच वेळाने आली ती कारची पुढची चाकं उचलणारी क्रेन. ड्रायव्हर हँडलला साखळी बांधून बाइक लोंबकळत न्यायला निघाला होता, मी हातच लावू दिला नाही. शेवटी छोटा हत्ती आला. पुढचं चाक हौद्याच्या फळीला टेकवून, ट्रिपल क्लॅम्पवरून (हँडलखाली पुढचे शॉक धरणारा भाग) दोन्ही बाजूंनी पट्टे ओढून, पुढचे शॉक निम्मे दबेपर्यंत आवळले, तेव्हा गाडी हलायची थांबली. कोल्हापूर तिथून साठ-पासष्ट किलोमीटर. फुकटची मर्यादा पन्नास. वरचे पैसे रोख मोजले, आणि दर त्या माणसाने सांगितला तो.

म्हणून यंदा कस्टमर केअरला ईमेलवर विचारून घेतलं: बाइकसाठी फ्लॅटबेड (सपाट हौद्याची गाडी) किंवा टेम्पो देणार का, ट्यूबवाल्या चाकाचं काय, किलोमीटर जायचे धरणार की जाऊन-येऊन, आणि नेणार मी सांगेन त्या गॅरेजला की जवळच्या अधिकृत वर्कशॉपला. दोन कंपन्यांनी नुसती ब्रोशर पाठवली. तिसरीने चारही उत्तरं दिली, शंभर किलोमीटर एका बाजूचे आणि गॅरेज माझ्या पसंतीचं. तिचं ॲड-ऑन थोडं महाग होतं, तेच घेतलं. ट्यूबचं उत्तर तिचंही नाहीच होतं. त्यामुळे हिमालयनच्या बॅगेत मागच्या चाकाची ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि छोटा पंप कायमचे आहेत.

अजून क्लेमची वेळ आलेली नाही, म्हणून त्याबद्दल आत्ताच काही बोलत नाही. एनटॉर्कचं रिन्यूअल गणपतीनंतर आहे; तेव्हा झिरो डेपचे दर परत चार ठिकाणी विचारणार आहे.