साडेतीनशेचा आरसा आणि एलबीएस मार्ग

मुंबईत भांडुप ते घाटकोपर, जाऊन-येऊन १६ किलोमीटर, सगळे एलबीएस म्हणजे लाल बहादूर शास्त्री मार्गावरून. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये मी साहाय्यक आहे. सायकल हौसेची म्हणून घेतली होती, लोकलच्या दारात एकदा चष्मा गेला तेव्हापासून ती कामाची झाली. या सायकलला जूनमध्ये हँडलच्या टोकाला बसणारा गोल आरसा लावला. जोडी साडेतीनशेला पडली. तीन महिने वापरून लिहितोय, म्हणजे अख्खा पावसाळा झाला.

आधी बसवण्याबद्दल. ग्रिपच्या टोकाचं बूच काढायचं, आरशाचा दांडा आत सारायचा आणि अ‍ॅलन कीने (षटकोनी चावीने) आवळायचं. आतलं रबर फुगून पाइपला घट्ट धरतं. पाच मिनिटांचं काम. मला मात्र दोन रविवार लागले, कारण ऑनलाइन मागवलेल्या पहिल्या जोडीचा दांडा माझ्या पाइपात जाईचना. परत पाठवली, तिचे पैसे अजून 'प्रक्रियेत' आहेत. दुसरी जोडी दुकानात सायकल घेऊन जाऊन, बसवून बघूनच घेतली. साध्या सरळ हँडलचं बाहेरचं माप २२ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण प्रश्न आतल्या मापाचा असतो आणि ते पाइपाच्या जाडीप्रमाणे बदलतं. पट्टी लावून मोजा.

आता मुद्दा. आरसा नव्हता तेव्हा मी मान वळवून मागे बघायचो. मान उजवीकडे वळली की खांदा मागे जातो आणि खांद्यामागोमाग हँडल. म्हणजे ज्या बसला चुकवायला मागे बघायचं, तिच्याच पुढ्यात आपण वीतभर सरकायचं! आणि तेवढ्या वेळात पुढे काय आलं ते कळत नाही. एलबीएसवर पुढे काहीही येतं. पेव्हर ब्लॉक खचलेला असतो, काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधली फट चाकाच्याच रुंदीची असते, गटाराची जाळी असते. शिवाय हात दाखवणारं गिऱ्हाईक दिसलं की रिकामी रिक्षा डावीकडे कट मारणारच.

आरशात नजर टाकायला अर्धा सेकंद पुरतो. त्यामुळे माझी चालवायची पद्धतच बदलली. गांधीनगर जंक्शनच्या अलीकडे डाव्या बाजूला टेम्पो लागलेले असतात. पूर्वी मी त्यांना चिकटून जायचो आणि अगदी शेवटच्या क्षणी बाहेर यायचो. मागच्याने ब्रेक मारून शिव्या घातल्या तर चूक त्याची कशी म्हणायची? आता तीन टेम्पो आधीच आरशात बघतो, जागा दिसली की उजवा हात काढतो आणि सावकाश बाहेर येऊन सरळ रेषेत राहतो. टेम्पोच्या दारापासून दीड हात तरी लांब, कारण ड्रायव्हर दार उघडताना मागे बघत नाही. जिथे मेट्रो ४च्या कामाचे पत्रे लागले आणि रस्ता आक्रसला तिथे तर मी लेनच्या मधोमध चालवतो. कडेला राहिलं की मागच्याला वाटतं, घुसेल आपली गाडी. मधोमध असलं की त्याला थांबावं लागतं. हॉर्न वाजवतो, वाजवू दे. त्याने वेग कमी केलाय हे मला दिसत असतं, म्हणून घाबरून पत्र्याकडे सरकत नाही.

पण हा आरसा बहिर्वक्र, म्हणजे बाहेरच्या बाजूला फुगीर आहे, आणि इथे माझ्या पोटापाण्याचा विषय येतो. बहिर्वक्र आरशात मागचं जास्त दिसतं, पण लहान दिसतं, म्हणून गाडी लांब वाटते. किती लांब? कॉलेजच्या पटांगणात आमच्या शिपाईमामांना स्कूटर घेऊन मागे उभं केलं. मी आरशात बघून सांगितलं, २५ मीटर. टेप लावली तर ११ भरले. मामा म्हणाले, "सर, तेवढ्यात मी तुमच्या अंगावर असतो." खरंच आहे, ताशी ४० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला ११ मीटर कापते. तेव्हापासून नियम केलाय, आरशात लांब दिसली तरी गाडी जवळच आहे असं धरायचं आणि लेन बदलण्याआधी एकदा झटकन मान वळवून खात्री करायची. सपाट आरशात अंतर खरं दिसलं असतं, पण एवढ्याशा काचेत एखादी रिक्षाच जेमतेम मावली असती.

खोडी आहेतच. खड्ड्यांवर सगळं थरथरतं, बस आहे की ट्रक ते कळत नाही. पावसात काचेवर थेंब. सिग्नलला रुमालाने पुसतो. आरसा हँडलच्या बाहेर चार बोटं येतो, त्यामुळे पार्किंगमध्ये येणारा-जाणारा धक्का देतो आणि रोज संध्याकाळी कोन नव्याने लावावा लागतो. राँग साइडने समोरून येणाऱ्या बाइकवाल्यांवर याचा काही इलाज नाही. आणि आपल्याला मागचा दिसला म्हणजे मागच्याला आपण दिसलो असं होत नाही, त्यासाठी मागचा लाल दिवा लागतोच. आमच्या हिला वाटलं, आरसा आला म्हणजे दिव्याचं चार्जिंग सुटलं. नाही सुटलं.

पाचपैकी चार देतो. एक गुण दांड्याच्या मापाचा कापला, खोक्यावर छापायला काय जातं?

आपल्याकडे गाड्या उजवीकडून ओलांडतात, म्हणून उजवा आरसाच कामाचा. जोडीतला डावा पडून होता. तो आमच्या गल्लीत सायकलवर येणाऱ्या इडलीवाल्या अण्णांना दिला. त्यांनी तारेने भोंग्याशेजारी बांधला. परवा विचारलं, "अण्णा, मागचं दिसतं का?" म्हणाले, "दिसतं ना." आणि आरसा स्वतःकडे वळवून कंगवा काढला.