उदाहरणं पास, वाक्यं नापास: डॉकटेस्टचे सात महिने

आमच्या पायथॉन लायब्ररीत साठेक फंक्शन्स आहेत. डॉक्युमेंटेशन होतं, पण ते वाचण्यापेक्षा लोक सरळ सोर्स उघडायचे. सात महिन्यांपूर्वी ठरवलं, प्रत्येक डॉकस्ट्रिंगमध्ये (फंक्शनच्या आतच लिहिलेल्या त्याच्या वर्णनात) निदान एक उदाहरण घालायचं आणि ते डॉकटेस्टने तपासायचं. हे मॉड्यूल 2.1 पासून पायथॉनसोबतच येतं, वेगळं इन्स्टॉल करायची भानगड नाही. उदाहरणातली प्रॉम्प्टपुढची (>>> या खुणेपुढची) ओळ ते चालवतं आणि खाली लिहिलेल्या आउटपुटशी अक्षर न् अक्षर ताडून बघतं. जुळलं तर गप्प. पहिल्या दिवशी मला वाटलं, चाललंच नाही.

पहिला दणका मलाच बसला. रकमा पूर्णांकात आणणाऱ्या फंक्शनसाठी मी 2.5 चं उदाहरण लिहिलं, खाली 3. टेस्ट फेल, उत्तर 2! पायथॉन 3 मध्ये राउंड हे फंक्शन बरोबर मधला आकडा सम पूर्णांकाकडे नेतं, 3.5 चे 4 होतात, 2.5 चे 2. आमच्या डॉक्समध्ये नुसतं ‘जवळच्या पूर्णांकात आणते’ असं होतं. दोन्ही सारखेच जवळ असतील तर काय, हा प्रश्न लिहिताना कुणाला सुचलाच नव्हता.

तसंच मजकुराच्या शेवटची अक्षरं कापणाऱ्या आरस्ट्रिपचं. फाइलच्या नावातलं एक्स्टेन्शन (.csv) काढायला कुणीतरी ते वापरलं होतं, आणि ‘सेल्स’ नावाच्या सीएसव्ही फाइलचं उरलं ‘सेल’. आरस्ट्रिप प्रत्यय कापत नाही, दिलेल्यांपैकी कुठलंही अक्षर शेवटी असेपर्यंत खात सुटतं, म्हणून टिंबाआधीचा एसही गेला. 3.9 पासून त्यासाठी रिमूव्हसफिक्स आहे. उदाहरणाला ‘रिपोर्ट’ असं साधं नाव घेतलं असतं तर सगळं हिरवं दिसलं असतं. तेव्हापासून उदाहरणाला मुद्दाम खोडकर इनपुट निवडतो.

कटकटीही आहेत. 0.1 अधिक 0.2 चं उत्तर 0.3 न येता 0.30000000000000004 येतं, ती लांबलचक शेपटी. ऑब्जेक्टचा मेमरी अ‍ॅड्रेस दर रनला वेगळा, म्हणून एलिप्सिस लावा, म्हणजे तीन टिंबांच्या जागी काहीही चालतं. एकेरी अवतरणाच्या जागी दुहेरी पडलं की फेल. वर डॉकटेस्टला दिलेल्या अशा सूचना, म्हणजे डायरेक्टिव्ह, वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे येतात. एकाने तर एका फंक्शनला चौदा उदाहरणं ठोकली. डॉकस्ट्रिंग कसली, टेस्ट फाइलच ती.

पण खरी गोम वेगळीच निघाली. एका फंक्शनच्या वर्णनात होतं, ‘क्रम लावलेली यादी परत देते’. प्रत्यक्षात ते मूळ यादीच बदलतं आणि परत नन देतं, म्हणजे ‘काहीच नाही’. नन आला की प्रॉम्प्टवर काहीच छापलं जात नाही, आणि उदाहरणात पुढच्या ओळीला यादी छापली होती, नीट क्रमाने. डॉकटेस्ट खूश! वाक्य चार महिने धडधडीत खोटं बोलत होतं. ते सापडलं तेसुद्धा एका नव्या सहकारीने फंक्शनने परत दिलेली किंमत व्हेरिएबलमध्ये ठेवली आणि पुढच्या लूपमध्ये एरर आला तेव्हा.

आता रिव्ह्यूला कोड झाकून फक्त डॉकस्ट्रिंग दाखवतो आणि विचारतो: काय परत येईल, मूळ डेटा बदलेल का, रिकामी यादी दिली तर? उत्तराला ‘बहुतेक’ने सुरुवात झाली की वाक्य परत लिहायला. डॉकटेस्ट काढलेलं नाही. अजून बावीस फंक्शन्स बाकी आहेत.